अंगणवाडीचा पट चौदावरून नऊवर आला, म्हणजे नेमकं काय झालं?

जूनचा पहिला आठवडा होता. पाऊस नुकताच लागला होता आणि अंगणवाडीच्या ओसरीवर ओल्या छत्र्या ओळीने मांडून ठेवल्या होत्या. आत पालकांची बैठक चालली होती. एका वडिलांनी मोबाइलवर आलेला तक्ता वाचून दाखवला. आमच्या अंगणवाडीपुढे लिहिलं होतं: गेल्या वर्षी १४, यंदा ९, घट ३६ टक्के. क्षणभर कुणी बोललं नाही. मग मागून आवाज आला, "छत्तीस टक्के? मग ही आता चालायची किती दिवस?" सेविका बाई हजेरीपट छातीशी धरून तशाच उभ्या राहिल्या. इतकी वर्षं गावची मुलं सांभाळलेल्या बाईंना तो आकडा आपल्याच चुकीचा वाटला, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

मी गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावात राहते. माझी मुलगी याच अंगणवाडीतून पुढे गेली, आणि आकडेमोड हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. तो तक्ता उलगडून सांगणं मला त्या दिवशी जमलं नाही, म्हणून आता सविस्तर लिहिते. गावाचं नाव देत नाही. लहान मुलं ओळखू येऊ नयेत म्हणून पटाचे आकडेही बदलून, उदाहरणापुरते घेतले आहेत. त्यामागचं गणित मात्र कुठल्याही लहान अंगणवाडीला जसंच्या तसं लागू पडतं.

आधी थोडी ओळख. सरकारी बालवाडी म्हणून आपल्या गावात जी असते ती बहुधा अंगणवाडीच. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून ती आली. साधारण ४०० ते ८०० लोकवस्तीमागे एक केंद्र, असं तिचं प्रमाण ठरलेलं आहे. तिथे ३ ते ६ वर्षांची मुलं रोज येतात, खेळतात, गाणी म्हणतात, गरम जेवतात. त्याहून लहान बाळांचं वजन, लसीकरणाचा पाठपुरावा, गरोदर बायकांचा आहार हेही तिथूनच चालतं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने या तीन वर्षांना पहिली-दुसरीशी जोडून पाच वर्षांचा पायाभूत टप्पा केला, आणि गोव्याने त्याची सुरुवात २०२३-२४ पासून केली. तोवर "नुसती खेळायला जातात" म्हणून सोडून दिलेली ही तीन वर्षं आता शिक्षणाच्या हिशोबात आली आहेत. म्हणूनच त्या वर्षांचे आकडे कसे वाचायचे हे पालकांनाही कळायला हवं.

आता तो १४ आणि ९ चा हिशोब. बैठक संपल्यावर मी बाईंना म्हटलं, "बाई, टक्के राहू द्या. नावं घेऊया." आम्ही दोघी जमिनीवर बसलो आणि गेल्या वर्षीचा हजेरीपट उघडला. पानाच्या कोपऱ्याला हळदीचा डाग, काही नावांसमोर पेन्सिलीने काढलेली छोटी फुली. फुली म्हणजे काय, विचारलं. बाई म्हणाल्या, "ही पहिलीला गेली." अशा फुल्या सहा निघाल्या. नवीन पानावर नवी नावं चार. एका नावावर आडवी रेघ होती, ते कुटुंब काम संपल्यावर गावी परतलं होतं. आणि दोन नावांसमोर काहीच खूण नव्हती. बाई हळू आवाजात म्हणाल्या, "ही दोन शहरातल्या के.जी.ला घातली."

म्हणजे १४ मधून ६ गेली, ८ राहिली. ४ आली, १२ झाली. १ परतलं, ११ राहिली. २ दुसरीकडे गेली, ९ उरली. झाला हिशोब. "३६ टक्के घट" हे शब्द ऐकले की वाटतं, लोकांचा अंगणवाडीवरचा विश्वास उडाला. प्रत्यक्षात पालकांनी विचार करून काढून घेतलेली मुलं दोनच. बाकीचा सगळा हिशोब जन्माचा, वयाचा आणि कामधंद्याचा आहे. त्यात बाईंचा काही संबंध नाही, आणि आपल्यातल्या कुणाचाही नाही.

सहा गेली आणि चारच का आली, हे समजून घ्यायला जरा मागे जावं लागतं. यंदा तीन वर्षांची झालेली मुलं तीन वर्षांपूर्वी जन्मली. गोव्यात दर हजार लोकांमागे वर्षाला बाराच्या आसपास जन्म होतात. आठशे वस्तीचं गाव धरलं तर वर्षाला नऊ-दहा बाळं. त्यांतली निम्मी अंगणवाडीत येतात असं मानलं, तर दर वर्षी सरासरी पाच नवी मुलं. पण ही सरासरी आहे. बाळं काही ठरवून दर वर्षी पाच येत नाहीत. लहान संख्येचा एक साधा नियम आहे: सरासरीचं वर्गमूळ काढलं की तिच्या आजूबाजूला नेहमीची चढउतार किती, याचा अंदाज मिळतो. पाचाचं वर्गमूळ दोनच्या थोडं वर. म्हणून चारांतल्या तीन वर्षी आकडा ३ ते ७ यांच्यात राहील आणि एखाद्या वर्षी त्याच्याही बाहेर जाईल. एका वर्षी सहा आणि दुसऱ्या वर्षी चार, हा फरक इतका नेहमीचा आहे की त्याला कारण शोधायला बसू नये.

मोठ्या शहरात हा प्रश्न येत नाही. दहा हजार मुलांच्या शहराला तोच नियम लावला तर चढउतार शंभराची, म्हणजे एक टक्का. तिथे ३६ टक्के घट झाली तर खरोखर काहीतरी घडलेलं असतं. आमच्याकडे तीच टक्केवारी पाच पोरांची असते. टक्केवारी दोन्ही ठिकाणी सारखीच दिसते, हाच तिचा धोका. आणखी एक पाहा. पट ८ वरून १२ वर गेला तर तक्त्यात "५० टक्के वाढ" येते. पुढच्या वर्षी तीच चार मुलं कमी होऊन पट पुन्हा ८ वर आला तर "३३ टक्के घट". चारच मुलं आली, चारच गेली. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की वीसपेक्षा कमी पट असलेल्या कुठल्याही बालवाडीची टक्केवारी काढूच नये. मुलं मोजावीत.

याचा अर्थ गावात मुलं कमी होत नाहीत असा नाही. ती होत आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ या काळात, गोव्याचा एकूण जननदर १.३ आला. म्हणजे एका बाईला आयुष्यभरात सरासरी सव्वा-दीडच्या मध्ये मुलं. लोकसंख्या आहे तेवढी टिकायला हा दर २.१ लागतो. आधीच्या फेरीत तो १.७ होता. माझ्या आजीच्या घरात सात भावंडं होती, आमच्या वाड्यावर आता बहुतेक घरांत एक किंवा दोन. ही उतरण खरी आहे आणि ती सावकाश चालू आहे. मांडवीत भरतीचं पाणी रोज चढतं आणि उतरतं, पण नदीला पाणी किती राहिलं ते भरती-ओहोटीवरून कळत नाही, त्यासाठी वर्षानुवर्षं बघावं लागतं. तसंच हे. एका वर्षाची घट ही ओहोटी असू शकते. पाच-सात वर्षांचे आकडे सलग मांडले तरच नदी दिसते.

आता मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट. त्या तक्त्यातले १४ हे मार्चमधले होते आणि ९ जूनमधले. यात काय बिघडलं, असं वाटेल. अंगणवाडीत मूल तीन वर्षांचं झालं की येतं, मग महिना कुठलाही असो. कुणी चतुर्थीनंतर येतं, कुणी दिवाळीत, कुणी शिगम्याच्या, म्हणजे होळीच्या आसपास. पहिलीला मात्र सगळी एकदम, जूनमध्येच जातात. म्हणजे येणं वर्षभर थेंबाथेंबाने आणि जाणं एका दिवसात. अशा ठिकाणी पट मार्चमध्ये सगळ्यात भरलेला आणि जूनमध्ये सगळ्यात रिकामा असणारच. मार्चचा आकडा जूनशी लावला की दर वर्षी घट दिसेल, मुलं वाढत असली तरीसुद्धा. तुलना जूनची जूनशी व्हायला हवी. कुठलाही पट वाचताना पहिला प्रश्न विचारायचा तो हा: कुठल्या तारखेचा?

वयाची तारीखही अशीच खेळ करते. समजा पहिलीच्या प्रवेशासाठी १ जूनला सहा वर्षं पूर्ण हवीत. एक मूल २८ मेला जन्मलेलं, दुसरं ५ जूनला. आठवड्याचं अंतर, पण एक यंदा पहिलीत आणि दुसरं अजून एक वर्ष अंगणवाडीत. लहान गावात जून-जुलैची दोन-तीन मुलं असली की एका वर्षी पट फुगतो आणि पुढच्या वर्षी एकदम खाली येतो.

पुढे किती मुलं येतील याचा अंदाज घ्यायला काही जण पंचायतीची जन्मनोंद मागतात. तिथे आपल्याकडे मोठी फसगत होते. १९६९ च्या कायद्याप्रमाणे जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथे होते. आज सत्तरीतली बहुतेक बाळंतपणं घरी होत नाहीत. कुणी बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात जातं, कुणी म्हापशाला, कुणी वाळपईला, कुणी खासगी इस्पितळात. बाळ आमच्या वाड्यावरचं, पण नोंद दुसऱ्या ठिकाणी. त्यामुळे गावच्या जन्मनोंदीत शून्य असलं तरी गावात चार बाळं रांगत असू शकतात. खरा आकडा सेविकेच्या कुटुंब सर्वेक्षणाच्या वहीत असतो, कारण ती घरोघर जाते आणि कुठल्या घरात कोण गरोदर आहे, कुणाचं बाळ किती महिन्यांचं, हे तिला तोंडपाठ असतं. जनगणनेकडे बघावं तर शेवटची २०११ ची, पुढची २०२७ ची. २०११ मधलं तान्हं बाळ आज कॉलेजच्या उंबरठ्यावर आहे. बालवाडीच्या नियोजनाला तो आकडा काय कामाचा?

रेघ मारलेलं एक नाव राहिलं. त्या मुलाचे वडील बांधकामावर होते. काम आटोपलं, कुटुंब परत गेलं. गोव्यातल्या अंगणवाड्यांच्या पटात हे नेहमीचं आहे, आणि त्याची लय प्रत्येक भागात वेगळी. किनारपट्टीला हॉटेलांचा हंगाम, औद्योगिक वसाहतींच्या भागात कारखान्यांची भरती, आमच्याकडे काजूच्या बागा आणि बांधकाम. खाण पट्ट्याने तर याहून मोठा धक्का सोसला. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मध्ये काही काळ चालू झाल्या आणि २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा बंद पडल्या. डिचोली, सांगे, धारबांदोडा, सत्तरी या भागांत ट्रक उभे राहिले, आणि ज्यांची कुटुंबं त्या ट्रकांवर आणि यंत्रांवर जगत होती त्यांची घरंही हलली. एखाद्या बालवाडीचा २०१२ आणि २०१८ नंतरचा पट पाहताना हे डोक्यात ठेवलं नाही, तर दोष उगाच बाईंवर किंवा इमारतीवर जातो.

उरली ती शहरात गेलेली दोन मुलं. इथे मात्र पालकांनी निवड केली आहे आणि ती समजून घेतली पाहिजे. गोवा मुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात गोव्याच्या गावोगाव सरकारी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. पहिली ते चौथीची शाळा हाकेच्या अंतरावर असणं हे आपल्याला इतकं सवयीचं झालं आहे की ती किती मोठी गोष्ट होती हे आपण विसरलो. पुढे माध्यमाचा वाद झाला. १९९० नंतर सरकारी अनुदान फक्त मराठी आणि कोकणी प्राथमिक शाळांना मिळे. २०११ मध्ये इंग्रजी माध्यमालाही ते देण्याचा निर्णय झाला आणि त्यावरून मोठं आंदोलन उभं राहिलं. त्या वादात इथे शिरत नाही. पण त्याचा परिणाम बालवाडीपर्यंत पोचतो, कारण पालक उलटा विचार करतात. पाचवीला कुठे घालायचं आहे त्यावरून पहिली ठरते आणि पहिलीवरून के.जी. मूल साडेतीन वर्षांचं, पण निर्णय दहा वर्षांच्या मुलाचा.

त्यात वाहनाची भर. अनुदानित शाळांच्या बालरथ बसगाड्या सकाळी गावातून जातात. थोरला भाऊ बालरथात चढतो, मग धाकट्यालाही त्याच दिशेला घालणं आईला सोयीचं पडतं, रिक्षा करून का होईना. त्या दोन मुलांपैकी एकाची आई मला म्हणाली, "बाईंबद्दल काही तक्रार नाही गो. पण मोठ्याला एकीकडे आणि ह्याला दुसरीकडे, मला झेपत नाही." तिचं उत्तर मला प्रामाणिक वाटलं. अंगणवाडी दुपारपर्यंत चालते, त्या आईची कामाची पाळी चारला संपते. गावातल्या बालवाडीला मुलं हवी असतील तर तिच्या भिंती रंगवण्याआधी या दोन वेळांमधल्या अंतराचा विचार करावा लागेल.

आता मोजण्याबद्दल. सरकारचे आकडे दोन वेगळ्या वाटांनी जातात, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. अंगणवाडी महिला व बालविकास खात्याकडे, तिची नोंद २०२१ पासून पोषण ट्रॅकर नावाच्या ॲपवर. शाळेला जोडलेला पूर्वप्राथमिक वर्ग शिक्षण खात्याकडे, त्याची नोंद यूडायस प्लस या शाळांच्या माहितीच्या सरकारी प्रणालीवर. यूडायसमध्ये पूर्वी शाळेची एकत्रित संख्या भरायचे, ३० सप्टेंबर ही तिची तारीख होती. २०२२-२३ पासून एकेका विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद होते. त्यामुळे एकाच आवारात शाळा आणि अंगणवाडी असली तरी शाळेच्या तक्त्यात "पूर्वप्राथमिक: ०" दिसू शकतं, आणि पलीकडच्या खोलीत नऊ मुलं गाणं म्हणत असतात. उलटही होतं. एखादं मूल सकाळी खासगी के.जी.ला जातं, पण वजन, लस आणि आहारासाठी त्याचं नाव अंगणवाडीतही असतं. मग तेच मूल दोन तक्त्यांत. गावातली मुलं किती हे काढायला दोन्ही तक्त्यांची बेरीज केली तर आकडा फुगणार, आणि एकच धरला तर काही मुलं गळणार.

पट आणि हजेरी हेही वेगळं. पटावर नऊ असली तरी श्रावणातल्या मुसळधार दिवशी पाचच येतात, चतुर्थीच्या आधी-नंतर तर तीन. अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे ३ ते ६ वर्षांच्या प्रत्येक मुलाला रोज ठरलेल्या प्रमाणात कॅलरी आणि प्रथिनं मिळतील एवढा सकाळचा नाश्ता आणि गरम जेवण द्यायचं असतं. डाळ भिजवायची ती पट बघून की आज कोण येणार ते बघून, हा हिशोब मदतनीस ताई रोज सकाळी आभाळाकडे बघून करते.

संख्येनंतर येतो तो मुलं कोण आहेत याचा तक्ता: मुलगे-मुली, जात-जमात, मातृभाषा, दिव्यांगत्व. लहान बालवाडीत या रकान्यांनी माणूस सर्वांत जास्त फसतो.

मुली-मुलांचं घ्या. बारा मुलांच्या वर्गात ४ मुली आणि ८ मुलगे असले की कुणीतरी लगेच म्हणतं, इथे मुलींना पाठवत नाहीत. नाणं बारा वेळा उडवून बघा. ८-४ किंवा त्याहून एकतर्फी निकाल, कुठल्याही बाजूला, शंभरातल्या सुमारे ३९ वेळा लागतो. म्हणजे पाचांतल्या दोन वर्षी असा वर्ग नुसत्या योगायोगाने तयार होतो. दहा वर्षं सलग मुली कमीच असतील तर प्रश्न विचारावा, आणि तोही ठामपणे विचारावा.

जात-जमातीचा रकाना समजायला एक कायद्याची गोष्ट माहीत हवी. अनुसूचित जाती-जमातींच्या याद्या राज्याराज्यानुसार ठरतात. गोव्यात गावडा, कुणबी आणि वेळीप यांना २००३ मध्ये अनुसूचित जमातीत घेतलं. त्याआधीच्या वर्षांचा तक्ता बघितला तर या समाजाची मुलं त्या रकान्यात दिसणारच नाहीत. मुलं तीच, वाडे तेच, रकाना बदलला. २००३ आधीचा आणि नंतरचा आकडा शेजारी ठेवून "आदिवासी मुलं वाढली" म्हणणं म्हणूनच चूक ठरतं. धनगर-गवळी समाजाची अशीच मागणी कित्येक वर्षं आहे, ती मान्य झाली तर आमच्या डोंगरावरच्या वाड्यांच्या तक्त्यात पुन्हा तसाच बदल दिसेल. आणि बाहेरून आलेल्या कुटुंबांचं उलट होतं. लमाणी समाज कर्नाटकात अनुसूचित जातीत आहे, गोव्याच्या यादीत नाही. झारखंडचं मुंडा किंवा उरांव कुटुंब तिथे अनुसूचित जमातीत, इथे नाही. तक्त्यात ही मुलं अनुसूचित रकान्याबाहेर पडतात, आणि वाचणाऱ्याला वाटतं की या बालवाडीत वंचित मुलं नाहीतच.

मातृभाषेचा रकाना मला जवळून पाहायला मिळाला. एका दुपारी जेवणाच्या आधी मी तिथे होते. एक मूल म्हणालं, "बाई, म्हाका उदक जाय." त्याच्या मागच्या मुलीने पेला पुढे केला, "नीर बेकु." तिसऱ्याने "पानी दो" म्हणून बाईंचा पदर ओढला. बाईंनी तिघांना पाणी दिलं आणि प्रत्येकाला त्याच्याच भाषेत एक शब्द बोलून मग मराठीत म्हटलं, "सावकाश पी." वहीत मात्र तिघांच्याही नावांपुढे मातृभाषा: मराठी. कारण विचारलं तर कळलं की नोंदणीच्या वेळी पालकांना "कुठल्या भाषेत शिकवायचं?" असं विचारलं गेलं आणि तेच उत्तर मातृभाषेच्या रकान्यात गेलं. आपल्या गोव्यात तर घरात कोकणी आणि वाचायला-लिहायला मराठी, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे, त्यामुळे खुद्द आपल्याच घरांत या रकान्याचं उत्तर एका शब्दात मावत नाही. पण हा रकाना चुकला की नुकसान मुलाचं होतं. वर्गात तीन भाषा आहेत हे वर कळलं तर कन्नड चित्रगोष्टींचं एखादं पुस्तक मागता येईल. सगळी मराठी दिसली तर ती मागणी करायची कशाच्या आधारावर?

दिव्यांगत्वाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी शून्य असतं. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं मोजली आहेत, पण ३-४ वर्षांच्या मुलात कमी ऐकू येणं किंवा बोलायला उशीर होणं कुणीतरी तपासल्याशिवाय कळत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली आरोग्य पथकाने अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा तपासायचं असतं. त्या तपासणीच्या दिवशी आपलं मूल गैरहजर राहू देऊ नका, एवढं मी हात जोडून सांगेन. शून्याचा अर्थ "कुणी नाही" असाही असतो आणि "अजून कुणी पाहिलं नाही" असाही, आणि तक्ता त्यांतला फरक दाखवत नाही.

अशा लहान वर्गाचे तक्ते मोबाइलवर फिरवू नयेत, यालाही एक साधं कारण आहे. नऊ मुलांत एखाद्या रकान्यात "१" असेल, तर ते मूल कोण हे सगळ्या गावाला कळतं. मोठ्या शाळेत आकडा मुलाला झाकतो, लहान शाळेत तो मुलाचं नावच सांगतो.

मग बघायचं काय? तीन वर्षांची फिरती सरासरी घ्या. समजा जूनचे आकडे ओळीने १४, ९, १३ आणि ११ असे आहेत. पहिल्या तीन वर्षांची सरासरी १२, पुढच्या तीनची ११. आकड्यांच्या उड्या निवळल्या आणि खरा उतार दिसला: एका मुलाचा. दुसरं, एका सेविकेमागे किती मुलं हे नुसत्या भागाकाराने ठरवू नका. २०१३ च्या राष्ट्रीय धोरणात ३ ते ६ वयासाठी एका मोठ्या माणसामागे वीस मुलं असं प्रमाण दिलं आहे. नऊ मुलं म्हटल्यावर बाई रिकाम्या बसतात असं वाटतं. पण त्या नवांत तीन वर्षांचं रडणारं मूल आणि पहिलीच्या तोंडावर आलेली पोर एकाच चटईवर असतात, आणि त्याच बाईंना गरोदर बायकांच्या भेटी, वजनं आणि ॲपवरची नोंद करायची असते.

आणि कुणी "पलीकडच्या गावात विलीन करा" म्हटलं, तर तीन वर्षांच्या मुलाच्या पायाने ते अंतर चालून बघा, जुलै महिन्यात, व्हाळ म्हणजे ओढा भरलेला असताना. बालवाडी गेली तर बाळांचं वजन करायचा काटा, गरोदर बाईचा आहार आणि लसीची आठवण करून देणारी बाई, हे सगळंच त्या व्हाळापलीकडे जातं. विलीनीकरण कधीच करू नये असं मी म्हणणार नाही. दोन-तीन मुलंच उरली तर त्या मुलांना खेळायला सोबती मिळत नाहीत, आणि या वयात सोबती हेच निम्मं शिक्षण असतं. पण तो निर्णय जूनच्या एका आकड्यावर होऊ नये.

पुढच्या बैठकीला आम्ही भिंतीवर एक मोठा कागद लावला. त्यावर टक्के नव्हते. एका बाजूला गेलेली मुलं, कुठे गेली ते शेजारी. दुसऱ्या बाजूला बाईंच्या सर्वेक्षणाच्या वहीतून काढलेली येणारी मुलं: चतुर्थीनंतर एक, दिवाळीच्या सुमारास दोन, शिगम्याआधी आणखी एक. मागून आवाज देणारे ते गृहस्थ पुढे येऊन कागद वाचत राहिले. मग त्यांनी दिवाळीच्या रकान्यावर बोट ठेवलं. "ह्यातली एक माझी नात," ते बाईंना म्हणाले. "तिला मीच घेऊन येईन."